आधी करंटची वाट बघा, मग कपॅसिटर

प्रश्न (गोव्यातल्या साखळीहून, थोडा छाटून): काका, पावसात लाईट गेली की भजन अडू नये म्हणून मंडळाने २४ व्होल्टची बॅटरी जोडी घेतली. तिच्यावरून १२ व्होल्ट काढायला एलएम २५९६ या व्होल्टेज उतरवणाऱ्या चिपची दोन तयार मॉड्यूल लावली, एक मिक्सरला आणि एक वायरलेस माइकच्या रिसिव्हरला. ऑसिलोस्कोपवर ४०० मिलिव्होल्ट रिपल (व्होल्टेजची बारीक वर-खाली) दिसतो. आउटपुटला वीतभर वायरीने ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, तरी जवळपास तेवढाच. स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि तिची पट्टी रात्रभर बदलत राहते. रिसिव्हर मॉड्यूलजवळ ठेवला तर खरखर. शिवाय लाईट असताना, म्हणजे मिक्सर आपल्या ॲडाप्टरवर असताना, माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. अजून किती मोठा कपॅसिटर टाकू?

उत्तर:

एकही नको. टाकलेला आहे तोही सध्या काढून ठेव.

बाबा रे, तुझ्या प्रश्नात चार वेगळी दुखणी आहेत आणि चौघांना तू एकाच बाटलीतलं औषध पाजतोयस. रिपल वेगळा, त्यावर बसलेले टोकदार काटे वेगळे, शिट्टी वेगळी, आणि झिणझिण्यांचा तर तुझ्या कन्व्हर्टरशी, म्हणजे त्या मॉड्यूलशी, काही संबंधच नाही. या धंद्यात तीस वर्षं काढल्यावर मी बोर्ड बघताना एकच गोष्ट शोधतो: करंट निघाला कुठून आणि परत जातोय कुठल्या वाटेने. तो परत जातोच. आपण वाट आखून दिली नाही तर तो स्वतः शोधतो, आणि ती बहुतेक वेळा माइकच्या वायरीतून जाते.

आधी तुझा स्कोप. ते ४०० मिलिव्होल्ट सगळे खरे नाहीत. प्रोबला, म्हणजे स्कोपच्या मोजायच्या दांडीला, जी काळी मगरचिमटी लोंबते ना, तिची वायर साधारण १५ सेंटिमीटरची असते. एवढ्या वायरीचा इंडक्टन्स ढोबळमानाने १५० नॅनोहेन्री. प्रोबच्या टोकाची कपॅसिटन्स १०-१२ पिकोफॅरड. दोघं मिळून सव्वाशे मेगाहर्ट्झच्या आसपास घुमतात. कन्व्हर्टरने प्रत्येक वेळी स्विच मारला की ही जोडी घंटेसारखी वाजते आणि आपण म्हणतो बोर्ड वाजतोय. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत नवा लागलो तेव्हा अशाच एका घुमण्याच्या मागे तीन दिवस घालवले होते. चौथ्या दिवशी साहेब आले, चिमटी उपटली, प्रोबची टोपी काढली, उघड्या नळीवर तांब्याच्या तारेचे चार वेढे घालून तारेचं टोक कपॅसिटरच्या ग्राउंडच्या पायाला टेकवलं. घुमणं गेलं. ते एक शब्द न बोलता चहाला गेले.

तूही तेच कर. स्कोपवर २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा चालू कर, प्रोब थेट आउटपुट कपॅसिटरच्या दोन पायांवर टेकव, आणि तिथे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक नि १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक समांतर लाव. पॉवर सप्लायचा रिपल असाच मोजायची रीत आहे. काही वाचण्याआधी एक परीक्षा घे: प्रोबचं टोक आणि तिचं ग्राउंड दोन्ही एकाच ग्राउंड बिंदूवर टेकव. पडद्यावर सरळ रेष यायला हवी. जे काही उरलं ते प्रोबने हवेतून उचललेलं आहे, तेवढं हिशेबातून वजा.

असं मोजल्यावर तुझा आकडा अडीचशे मिलिव्होल्टच्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे. कसा काढला ते सांगतो, कारण त्यातच ४७०० वाल्याचं उत्तर आहे. निळ्या बोर्डाच्या या मॉड्यूलवर बहुधा ३३ किंवा ४७ मायक्रोहेन्रीचा चोक (तारेचं वेटोळं) आणि आउटपुटला २२० मायक्रोफॅरड असतो. चिप १५० किलोहर्ट्झवर चालते. २४ चे १२ करताना स्विच अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद. ३३ मायक्रोहेन्री धरला तर चोकमधला करंट दर फेरीला सुमारे १.२ अँपिअरने वर-खाली होतो. हा करंट कपॅसिटरमध्ये जाऊन येतो. कपॅसिटर आदर्श असता तर २२० मायक्रोफॅरडवर यातून जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट उठले असते. मग अडीचशे कुठून आले? कपॅसिटरच्या पोटातल्या रोधातून. साध्या इलेक्ट्रोलिटिकचा हा ईएसआर ०.२ ओहमच्या घरात असतो. १.२ गुणिले ०.२, झाले २४० मिलिव्होल्ट. म्हणजे तुझा रिपल मायक्रोफॅरड कमी पडल्याने आलेलाच नाही. विहिरीत पाणी भरपूर आहे, दोर बारीक आहे.

४७०० वाल्याचा ईएसआर कमी असतो, मग त्याने फरक का पडला नाही? तुझी वीतभर वायर. जाऊन-येऊन चाळीस सेंटिमीटर, म्हणजे ०.३ मायक्रोहेन्री धर. १५० किलोहर्ट्झला तिचा अडथळा जवळजवळ ०.३ ओहम होतो. करंटसमोर दोन वाटा: दारातला ०.२ ओहमचा जुना कपॅसिटर, की ०.३ ओहमची वायर ओलांडून पलीकडचा धिप्पाड कपॅसिटर? बराचसा करंट दारातच वळला. वरच्या काट्यांसाठी तर ती वायर भिंतच आहे.

इथे एक शंका तपासून घे. बाजारात या चिपच्या नावाने बनावट माल खूप फिरतो, आणि त्यातला बराच ५० किलोहर्ट्झच्या आसपास चालतो. तुझा तसा निघाला तर त्याच चोकमधला करंट १.२ ऐवजी साडेतीन अँपिअरने हेलकावे खाईल, चोक तापून लोखंड होईल आणि वर लिहिलेला सगळा हिशेब तिपटीने बिघडेल. स्कोपवर कळेलच, पण माझी आवडती तपासणी म्हणजे खिशातला मिडियम वेव्ह रेडिओ. तो मॉड्यूलजवळ धरून काटा सावकाश फिरव. दर १५० किलोहर्ट्झला घरघर ऐकू आली तर माल खरा, दर ५० ला आली तर बनावट. हा रेडिओ मी अजून टूलकिटमध्ये ठेवतो. एकदा दुरुस्तीला आलेल्या इन्व्हर्टरमधलं एक मॉड्यूल १४३ किलोहर्ट्झवर चालत होतं. त्याचा नववा हार्मोनिक, म्हणजे नऊपट वारंवारता, बरोबर १२८७ वर, म्हणजे पणजी आकाशवाणीच्या डोक्यावर. मालकाची तक्रार एवढीच होती की नवा इन्व्हर्टर बसवल्यापासून घरातल्या म्हाताऱ्यांचा रेडिओ बिघडला.

आता रिपलवर खरा उपाय. मनात येईल की जुना कपॅसिटर काढून तिथे उत्तम सिरॅमिक बसवावा, ईएसआरच संपला. ते करू नकोस. एलएम २५९६ ही जुन्या घडणीची चिप आहे, तिचं अंतर्गत नियंत्रण आउटपुट कपॅसिटरला थोडा ईएसआर असेल असं धरूनच बांधलंय. फार कमी ईएसआर दिलास तर ती डोलायला लागेल आणि रिपल जाऊन त्याहून वाईट काही येईल. शिवाय सिरॅमिकची एक लबाडी लक्षात ठेव: लहान आकाराचा, १० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट लिहिलेला एक्स५आर तुकडा १२ व्होल्टवर अर्धासुद्धा उरत नाही असं सर्रास होतं.

त्यापेक्षा जुना कपॅसिटर जागेवर राहू दे आणि त्याच्यापुढे दुसरी पायरी बांध. २.२ मायक्रोहेन्रीचा, ४-५ अँपिअरला सॅच्युरेट न होणारा, म्हणजे जोर न सोडणारा, चोक, आणि त्यानंतर १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा पॉलिमर कपॅसिटर, ईएसआर २० मिलिओहमच्या आसपासचा. १५० किलोहर्ट्झला चोक २ ओहमचा अडथळा देतो, कपॅसिटर ०.०२ चा. शंभराला एक असं प्रमाण. २४० मिलिव्होल्टचे दोन-तीन उरतील. प्रत्यक्ष हातातल्या बोर्डावर मला पाचेक मिळतात, आणि मिक्सरला ते पुष्कळ झाले.

पण अशी पायरी स्वतःही घुमते. २.२ आणि १०० ची जोडी ११ किलोहर्ट्झच्या आसपास डोलते, आणि तिथे ती गोंगाट कमी करायचा सोडून वाढवते. ११ किलोहर्ट्झ कानाला ऐकू येतं, हे विसरू नकोस. तिला दमवायला पॉलिमरच्या शेजारी ४७० मायक्रोफॅरडचा साधा, स्वस्त इलेक्ट्रोलिटिक लाव. त्याचा ०.१५-०.२ ओहमचा ईएसआर इथे नेमका हवा तेवढा बसतो. मघाशी ज्याला शिव्या घातल्या तोच रोध इथे ब्रेक म्हणून कामाला येतो. आणि फीडबॅकची तार, म्हणजे आउटपुट किती आहे ते चिपला कळवणारी, पहिल्या कपॅसिटरवरच राहू दे. ती दुसऱ्या पायरीच्या पलीकडे नेलीस तर चिपला उशिरा बातमी कळेल आणि ती घाबरून वर-खाली करत बसेल. सगळं झालं की गाडीचा २१ वॅटचा बल्ब आउटपुटला चालू-बंद करून स्कोपवर बघ. व्होल्टेज एकदा वाकून सरळ झालं तर ठीक. चार-पाच लाटा मारल्या तर नियंत्रण काठावर आहे असं समज आणि ४७० चा कपॅसिटर मोठा करून बघ.

फेराइट बीडबद्दल, म्हणजे वायरीवर ओवायच्या फेराइटच्या मण्याबद्दल, लोक हमखास विचारतात. मेगाहर्ट्झमधल्या काट्यांना तो चांगला. १५० किलोहर्ट्झच्या रिपलला तो दिसतसुद्धा नाही, आणि एक-दोन अँपिअर डीसी गेला की त्याचा बराचसा जोर तसाही उतरतो.

आता शिट्टी. तुझ्या पत्रातली मला सगळ्यांत आवडलेली ओळ म्हणजे "पट्टी रात्रभर बदलत राहते". निदान तिथेच आहे. १५० किलोहर्ट्झ कुणालाच ऐकू येत नाही. पण तुझ्याकडे दोन मॉड्यूल आहेत, आणि या चिपची वारंवारता पंधराएक टक्के इकडे-तिकडे असू शकते. एक १५० वर, दुसरं १५३ वर. दोन्ही एकाच बॅटरीच्या एकाच वायरीला लटकलेली, त्यामुळे एकाचा गोंगाट दुसऱ्याच्या इनपुटला पोचतो, आणि दुसऱ्याचा स्विच त्या गोंगाटाचे तुकडे पाडतो. फरकाचे ३ किलोहर्ट्झ आउटपुटला बाहेर पडतात. दोन पेट्या जवळजवळ एका सुरात लावल्या की मध्ये जी लहर ऐकू येते, तोच प्रकार. रात्र चढते, एक मॉड्यूल जास्त तापतं, फरक सरकतो, शिट्टीची पट्टी सरकते.

खात्री करायची आहे? सोल्डरिंग आयर्न तापव आणि एका चिपच्या जवळ, न टेकवता, अर्धा मिनिट धर. शिट्टी चढली किंवा उतरली तर गुन्हेगार सापडला. मी म्हापशात एका नाटक कंपनीच्या साउंडवाल्यासमोर हे केलं तेव्हा तो दोन पावलं मागे सरकला. आयर्न जवळ नेलं की सूर खाली, लांब नेलं की पुन्हा वर. त्याने मला विचारलं, यावर गाणं वाजवता येईल का.

याच्यावर सगळ्यांत स्वस्त उपाय: एक मॉड्यूल काढून टाक. तुझा मिक्सर आणि रिसिव्हर मिळून एक अँपिअरही घेत नसतील, आणि मॉड्यूल तीनच्या नावाने विकतात. (खरे तीन घ्यायला हीटसिंक लागेल, दीड-दोन निभतात.) फरकाची शिट्टी निघायला दोन लागतात, एकटं मॉड्यूल ती वाजवू शकत नाही. दोन ठेवायचीच असतील, म्हणजे रिसिव्हर ९ व्होल्टवर चालत असेल, तर प्रत्येकाच्या इनपुटला स्वतंत्र १० मायक्रोहेन्रीचा चोक दे आणि दोघांच्या वायरी बॅटरीच्या टर्मिनलपासूनच वेगळ्या ने. वाटेत कुठेही जोडायच्या नाहीत.

इनपुटचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबतो, कारण सगळे आउटपुटकडे बघतात आणि घाण येते इनपुटकडून. बक, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या, कन्व्हर्टरमध्ये आउटपुटचा करंट चोकमुळे तसा सभ्य असतो. इनपुटचा करंट मात्र तुकड्यातुकड्यांनी येतो: पूर्ण चालू, पूर्ण बंद, सेकंदाला दीड लाख वेळा. इनपुट कपॅसिटर, स्विच, डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि परत कपॅसिटर, ही खरी तापट प्रदक्षिणा. तीन अँपिअर १० नॅनोसेकंदांत चालू झाला आणि या घेऱ्याचा इंडक्टन्स नुसता २० नॅनोहेन्री असला, तरी त्यावर ६ व्होल्टचा काटा उठतो. तयार मॉड्यूलमध्ये हा घेरा आपल्याला बदलता येत नाही, पण चिपच्या इनपुट आणि ग्राउंडच्या पायांवर, शक्य तितक्या आखूड पायांनी, १ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा सिरॅमिक सोल्डर कर. मॉड्यूलवरचा १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक काढायचा नाही. तो नसला आणि नुसते सिरॅमिक असले तर लांब वायरीने बॅटरी खटकन जोडताना इनपुट क्षणभर जवळजवळ दुप्पट उसळतं. २७ व्होल्टचे पन्नास होतात, आणि या चिपची सहनशक्ती ४५ ला संपते. मंडळी म्हणतात, "चिप आपोआप गेली."

तुझा तो ४७०० वाला इथे, बॅटरीच्या बाजूला उपयोगी पडला असता, पण आधी त्याच्या अंगावरचा आकडा वाच. २५ व्होल्ट लिहिलं असेल तर नको. २४ व्होल्टची लेड ॲसिड जोडी चार्ज होताना २८ च्या वर जाते. ३५ किंवा ५० असेल तर लाव. इनपुटला चोक लावताना एक जुना नियम डोळ्यांसमोर ठेवायचा. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे अभ्यासक मिडलब्रुक यांनी १९७६ मध्ये तो नीट मांडला: कन्व्हर्टर इनपुटकडून उलट्या रोधासारखा वागतो, व्होल्टेज घटलं की जास्त करंट ओढतो, म्हणून फिल्टरचा स्वतःचा अडथळा त्याहून बराच कमी हवा, नाहीतर दोघं मिळून डोलतात. तुझा १२ वॅटचा लोड २४ व्होल्टवर ४८ ओहमसारखा दिसतो. १० मायक्रोहेन्री आणि १०० मायक्रोफॅरडची जोडी ०.३ ओहमच्या घरात, शिवाय इलेक्ट्रोलिटिकच्या ईएसआरने दमलेली. तू निर्धास्त राहा.

रिसिव्हरची खरखर ही काट्यांची करणी. स्विच उघड-मिट होताना डायोडची कपॅसिटन्स आणि त्या घेऱ्याचा इंडक्टन्स मिळून दहा-वीस नव्हे, ८०-१०० मेगाहर्ट्झला घुमतात, आणि त्यांची वरची पिल्लं तुझ्या माइकच्या बँडपर्यंत जातात. यावर डायोडला समांतर आरसी स्नबर, म्हणजे घुमणं शोषून घेणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी. त्याची किंमत अंदाजाने न टाकता काढता येते. समज घुमणं ८० मेगाहर्ट्झला आहे. डायोडवर छोटे कपॅसिटर लावत जा, घुमणं अर्ध्यावर, ४० वर येईपर्यंत. समज ४७० पिकोफॅरडला ते झालं. मग मुळातली कपॅसिटन्स त्याच्या एक-तृतीयांश, म्हणजे १५७ पिकोफॅरड. त्यावरून इंडक्टन्स २५ नॅनोहेन्री, आणि रोध येतो साडेबारा ओहम. १२ चा रेझिस्टर आणि ४७० पिकोफॅरडचा सी०जी जातीचा (व्होल्टेजने न बदलणारा) सिरॅमिक कपॅसिटर मालिकेत, डायोडच्या पायांना चिकटून. यात ४० मिलिवॅट जळतात, म्हणजे काहीच नाही. पण तुझा आकडा तुझ्या बोर्डावरून काढ, माझा उतरवू नकोस.

आणि स्नबरच्या आधी साधं काही करून बघ: रिसिव्हर हातभर लांब ठेव आणि मॉड्यूल नव्वद अंशांत फिरव. त्यावरचा चोक बहुधा उघड्या ड्रमचा असतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडतं. मॉड्यूल पत्र्याच्या डब्यात घालून डबा एकाच जागी ग्राउंड केलास तर आणखी उत्तम.

वायरींबद्दल मालीमच्या जेटीवरची गोष्ट सांगतो. एका ट्रॉलरवर डेकचे एलईडी दिवे लावले की व्हीएचएफ रेडिओचा १६ नंबरचा चॅनल फसफसायला लागे. तांडेलाने, म्हणजे ट्रॉलरच्या कप्तानाने, दोनदा रेडिओ बदलला होता. मीही आधी चुकलो, रेडिओच्या वायरीवर फेराइटच्या पकडी बसवत राहिलो. काही फरक नाही. मग लक्ष गेलं की दिव्यापासून जंक्शन बॉक्सपर्यंत दोन सुट्या वायरी अर्धा मीटर लोंबताहेत. १६ नंबर म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, त्याची पाव लांबी ४८ सेंटिमीटर. दिव्याच्या आतल्या ड्रायव्हरला कुणीतरी नेमक्या मापाचा अँटेना बांधून दिला होता. दोन्ही वायरी एकत्र पिळल्या आणि दिव्याच्या तोंडाशी फेराइटच्या पकडीतून दोन्ही मिळून दोन वेढे घेतले. चॅनल शांत. गोंगाट जिथे जन्मतो तिथेच अडवायचा, ऐकणाऱ्याच्या दाराशी उभं राहून उपयोग नाही. तुझ्या बॅटरीपासून मॉड्यूलपर्यंतच्या लाल-काळ्या वायरीही पिळून घे, फुकटचं काम आहे. आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ग्राउंडच्या लग्ज (स्क्रूखाली आवळलेली वायरींची टोकं) वर्षभरात हिरव्या पडतात. गंजलेला सांधा अर्धवट डायोडसारखा वागतो आणि नसलेले हार्मोनिक तयार करतो. चवथीच्या आधी सगळे स्क्रू सोडून, घासून, पुन्हा आवळायचे, हे मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो. अर्धे करतात.

पुढेमागे स्वतःचा बोर्ड काढशील तेव्हा चिप बसवण्याआधी इनपुट कपॅसिटर बसव, त्या घेऱ्याखाली अखंड ग्राउंडचा थर ठेव, आणि स्विचच्या बिंदूचं तांबं जेमतेम करंटपुरतं, त्याहून मोठं नको. बाकीचं पुन्हा कधीतरी.

राहिल्या झिणझिण्या. त्या फक्त लाईट असताना येतात हे तू लिहिलंस म्हणून बरं. मिक्सरच्या दोन पायांच्या ॲडाप्टरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये मुद्दाम एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो, बहुधा एक-दोन नॅनोफॅरडचा, सुरक्षेसाठी खास बनवलेल्या वाय जातीचा. स्विचिंगचा गोंगाट ट्रान्सफॉर्मर ओलांडून पलीकडे जातो, त्याला परतीची वाट हवी म्हणून. त्याच वाटेने ५० हर्ट्झचा ०.१-०.२ मिलिअँपिअरही पाझरतो आणि अर्थिंग नसलेल्या मिक्सरवरून माइकच्या जाळीपर्यंत येतो. ओठ त्याला ओळखतात. काही मेकॅनिक तो कपॅसिटर कापून टाकतात. झिणझिण्या जातात, रेडिओभर गोंगाट पसरतो. आणि काही जण त्या जागी हाताला लागेल तो साधा कपॅसिटर लावतात, तो शॉर्ट झाला तर २३० व्होल्ट थेट गाणाऱ्याच्या तोंडाशी. दोन्ही करायचं नाही.

पण हा पाझरच आहे की खरा बिघाड, हे आधी ठरव. ॲडाप्टर काढलेला असताना माइकची जाळी आणि अर्थ यांच्यामध्ये १०० किलोओहम, दोन वॉटचा रेझिस्टर जोड, त्याच्यावर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लाव, हात बाजूला घे आणि मग प्लग लाव. रेझिस्टरशिवाय जिथे मीटर शंभरेक व्होल्ट दाखवतो तिथे आता दहा-पंधरा उरले तर तो पाझर. मिक्सरची बॉडी तीन पायांच्या प्लगवरून नीट अर्थ कर, काम झालं. अर्थ केल्यावर स्पीकरमध्ये घूंऽऽ सुरू झालं तर अँप्लिफायर आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घे, अर्थ तोडू नकोस. रेझिस्टर लावूनही व्होल्टेज शंभरच्या वरच टिकून राहिलं तर ॲडाप्टर फेकून दे, दुरुस्तीलाही देऊ नकोस. आणि हे तपासून होईपर्यंत देवळाच्या ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्या माइकवर कुणाला गाऊ देऊ नकोस. बॅटरीवर गा, शिट्टी ऐकू आली तरी चालेल.